मंडळी (चर्च) दरवर्षी वाढली नाही तर ती मेलेली? त्या पोस्टला माझं उत्तर

गड्डीगोदामची लेक
काल एका भावाची पोस्ट वाचली आणि रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं म्हणून लिहिते. त्याचं म्हणणं असं की पंतेकोस्ताच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, तीन हजार आले, मग आपल्या नागपुरात सदरकडच्या जुन्या मंडळ्यांत वर्षाला तीस बाप्तिस्मे पण का होत नाहीत, वाढत नाही ती मंडळी मेलेली, पाळकाला (पाद्रीला) दरवर्षी टार्गेट द्या आणि नाही जमलं तर त्याने बाजूला व्हावं.

भाऊ, तू बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये २:४१ ला थांबलास. पुढचं वाच ना. शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना, ज्याला गरज त्याच्यासाठी मालमत्ता विकून वाटणं, हे सगळं झाल्यावर ४७ मध्ये भर कोण घालतो? प्रभू घालतो. करिंथकरांना पौल तेच सांगतो, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने.

माझी आई मानकापूरच्या घरी सात महिने अंथरुणावर होती. चाळीस वर्षं महिला मंडळात राबलेली बाई, नाताळच्या करंज्या तिच्या हातच्या. सात महिन्यांत दोन जणी भेटायला आल्या. अर्पणाचं, म्हणजे मंडळीला द्यायच्या दानाचं पाकीट मात्र दर महिन्याला शेजारच्या पोरासोबत घरी यायचं. ती विचारायची, मला प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घरी देतील का गं. कोणी आलं नाही. त्याच वर्षीच्या अहवालात छापलं होतं की सभासद अकराने वाढले. मला त्या अकरांचा आनंद झाला नाही, आजही होत नाही.

बेसा फेलोशिप
ताई, पोस्ट माझी होती. तुमच्या आईबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण माझाही अनुभव ऐका. आम्ही बेसाला भाड्याच्या हॉलमध्ये नऊ जणांनी सुरू केलं, आज साठ येतात. त्यातले निम्मे असे आहेत की जुन्या मंडळीत सहा सहा महिने जाऊन त्यांना कोणी नाव पण विचारलं नाही. आम्ही नागपूरवाले २९ नोव्हेंबर १९७० चं सांगत बसतो, सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या आपल्या इथे एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अभिमान मलाही आहे, पण त्याच्यानंतर काय? प्रकटीकरणात सार्दीस गावच्या मंडळीला प्रभू काय म्हणतो, जिवंत म्हणून तुझं नाव आहे पण तू मेलेला आहेस. आणि योहान १५, फळ न देणारी फांदी तो काढून टाकतो.

गड्डीगोदामची लेक
योहान १५ मध्ये फळ म्हणजे डोकी मोजणं असं कुठे लिहिलंय? त्याच अध्यायात पुढे एकमेकांवर प्रीती करा हीच आज्ञा आहे. आणि तूच लिहिलंस, निम्मे जुन्या मंडळीतून आले. म्हणजे एका कळपातली मेंढरं दुसऱ्या कळपात गेली, त्याला वाढ म्हणू नकोस. मिशनरी हिस्लॉप १८४५ ला नागपुरात आले आणि १८६३ मध्ये ओढ्यात बुडून वारले, त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं १८८३ ला. तुझं टार्गेट लावलं असतं तर त्यांना दुसऱ्याच वर्षी परत पाठवलं असतं.

जुना तरुणसंघवाला
तुम्ही दोघं संख्येवर भांडून राहिले, मले एकच सांगा, हिशोब कोण वाचते? वार्षिक सभेत मी उभा राहून विचारलं का जनरेटरचे पैसे कुठं गेले, तर म्हणे काका खाली बसा, उपासनेचं वातावरण बिघडते. पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी नेली तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, काहून, तर कोणी बोट ठेवू नये म्हणून. २ करिंथ ८ काढून पाहा. पौलाले सोबती लागला अन् आमच्या कमिटीले प्रश्न विचारलेला चालत नाही. माझ्या घरचे तीन पोरं त्या दिवसापासून मंडळीत जात नाही.

कीबोर्डवाला
काका जनरेटर सोडा, खरं कारण कोणी बोलूनच नाही राहिलं. तरुण का येत नाही? गाणी. मी तीन वर्षं मंडळीच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) वाजवलं, एका रविवारी हिंदी गाणं घेतलं तर सगळ्यांसमोर मला उतरवलं. माझे अर्धे मित्र बालाघाट, राजनांदगावकडचे, घरात हिंदी बोलतात, त्यांनी देवाला कोणत्या भाषेत हाक मारायची? पंतेकोस्ताला प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकलं ना?

संडे स्कूलवाली ताई
आपापल्या भाषेत, बरोबर. मग मराठी पोरांची भाषा कोणती रे? माझ्या वर्गात चौदा मुलं आहेत, मराठी बायबल उघडून वाचता येतं तिघांना. बाकी सगळी इंग्लिश मीडियम. आजी घरी गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना करते आणि तिचे निम्मे शब्द नातवाला कळत नाहीत. ज्या मंडळीत आजीची प्रार्थना नातवाला कळत नाही तिथे तू कितीही लाइट आणि ड्रम लाव. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते, रेल्वेत एका परक्या माणसाने हातात नवा करार दिला, १८९५ ला बाप्तिस्मा झाला, आणि मग त्या माणसाने ख्रिस्ताला अभंगात, ओवीत आणलं. ते सगळं आपण उपासनेत गाणी दाखवायच्या स्क्रीनवरून पुसून टाकलं.

कीबोर्डवाला
ताई पण टिळकांच्या वेळेस तेच नवीन होतं! तेव्हा मंडळीत बऱ्याचशा विलायती चाली गायचे, त्यांनी आपल्या चाली आणल्या. म्हणजे ते पण बदल करणारेच होते, आज कोणी बदल केला की तुम्ही त्याला खाली उतरवता.

संडे स्कूलवाली ताई
मी उतरवलं नाही तुला, आणि ज्यांनी उतरवलं त्यांनी चूकच केली. पण टिळकांनी आपल्या माणसांची भाषा उचलून मंडळीत आणली, तू ती मंडळीतून बाहेर काढतो आहेस, हे दोन्ही एक नाही. तुला एक तरी भजन पाठ आहे का, खरं सांग.

कीबोर्डवाला
नाही. शिकवलं कोणी?

जुना तरुणसंघवाला
आम्ही शिकवायले तयार होतो, तुम्ही प्रॅक्टिसले मोबाईल घेऊन बसता. १९८८ मध्ये आम्ही मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, सायकलवर पेटी बांधून कामठीपर्यंत भजनाले जात होतो.

कीबोर्डवाला
झालं, काढलीच सायकल. प्रत्येक वेळी तीच सायकल. म्हणूनच कोणी येत नाही काका.

जुना तरुणसंघवाला
तोंड सांभाळून बोल बेटा. त्या पेटीनेच तुझ्या बापाची मंडळी उभी झाली.

बेसा फेलोशिप
दोघंही थांबा जरा. भाषेचं निघालंच आहे तर कृत्ये ६ पाहा. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा रोजच्या वाटपात राहून जायच्या, म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना खाली बसा म्हटलं नाही, सात जण निवडायला लावले, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार त्यांच्याच माणसांच्या हाती काम दिलं. आणि सातव्या वचनात लगेच, शिष्यांची संख्या फार वाढत गेली. म्हणजे संख्या लिहायला पवित्र शास्त्राला लाज वाटत नाही, तेवढं माझं म्हणणं कायम आहे.

पण ताई, आधी विधवांचं ताट आणि मग संख्या, हा क्रम तुमचा बरोबर आहे. हे लिहायला मला जड जातंय. टार्गेटचं वाक्य मी मागे घेतो. आमच्याकडे दर रविवारी नवीन कोण आलं याची वही आहे, येणं बंद कोणाचं झालं याची नाही. आत्ता बसून आठवलं तर सात नावं निघाली. त्यातल्या एक आजी हुडकेश्वरला राहतात, जानेवारीपासून दिसल्या नाहीत, आणि मी एकदाही गेलो नाही.

गड्डीगोदामची लेक
मग पोस्ट कशाला लिहीत बसलास, आज संध्याकाळी जा. प्रभुभोजनाचं विचार त्यांना. त्या स्वतःहून मागणार नाहीत, माझ्या आईने पण पाळकांना नाही, मलाच विचारलं होतं.

संडे स्कूलवाली ताई
कीबोर्डवाल्या, रविवारी उपासनेनंतर माझ्या वर्गात ये. काकांनी पेटी आणली तर पोरांना एक भजन शिकवू. हिंदी गाणं पण घे एक, मी काही बोलणार नाही.

कीबोर्डवाला
येतो. पण काकांनी सायकलचं काढायचं नाही.

जुना तरुणसंघवाला
पेटी आणतो. अन् जनरेटरचं मी यंदाच्या सभेत पण विचारणार हाय, या वेळेस लेखी देऊन.