ग्रीक-लॅटिन न शिकता 'क्लासिक्स'ची डिग्री, पटतं का तुम्हाला?

शिळी_भाकर
आम्ही इंग्लंडात लेस्टरला असतो, लेकीचे युनिव्हर्सिटीचे फॉर्म भरणं चाललंय आणि तिनं जाहीर केलंय की क्लासिक्सच करणार, म्हणजे प्राचीन ग्रीस नि रोम. दोन दिवस घरात तापलेलं होतं पण ते सोडा, विषयाला माझी ना नाही. शोधताशोधता कळलं की तिकडे अमेरिकेत प्रिन्स्टनने 2021 लाच क्लासिक्स मेजरसाठी ग्रीक किंवा लॅटिन यायला हवं ही अट काढून टाकली. दोन्ही भाषा शिकवतात अजून, पण घ्यायच्या की नाही ते पोरांवर. आता मला सांगा, संस्कृतमध्ये एमए करायचं आणि रामः रामौ रामाः पण नको, याला काय अर्थ आहे? मग ती डिग्री कशाची?

कट्ट्यावरचा
साफ असहमत. ग्रीक शाळेत शिकायला मिळतं कुणाला? भरमसाठ फी भरणाऱ्यांच्या पोरांना. तुमच्याच सरकारने 2021 ला 4 मिलियन पौंडांची स्कीम काढली होती ना, 40 सरकारी शाळांत लॅटिन आणायची? 2025 च्या फेब्रुवारीत शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना पैसे बंद. आणि ही भानगड आपल्याला नवी नाही. आयसीएसची, म्हणजे इंग्रज राजवटीतल्या सनदी नोकरीची, पहिली खुली परीक्षा झाली 1855 ला, त्यात ग्रीकला 750 मार्क, लॅटिनला 750, आणि संस्कृत नि अरबीला 375-375. भारतावर राज्य करायला! भाषेची अट म्हणजे कुंपण असतं हो, आत कोण आधीच बसलंय ते बघा.

शिळी_भाकर
@कट्ट्यावरचा 375 चं माहीत नव्हतं, भारीच की. पण कुंपण आहे म्हणून घरच पाडायचं का? केंब्रिजमध्ये लॅटिन न शिकलेल्या पोरांना तीनऐवजी चार वर्षांचा कोर्स आहे, पहिलं वर्ष लॅटिन पक्कं करायला. हे मला पटतं. गरीब घरच्या पोराला "तुला झेपणार नाही, तू भाषांतर वाच" म्हणणं हा जास्त मोठा अपमान नाही का?

घाटावरचा_सीए
नोकरी कुठे मिळते पण हे करून? (प्रामाणिक प्रश्न)

मास्तरीणबाई
धागाकर्तीशी सहमत. तीस वर्षं संस्कृत शिकवलंय. दहावीला शंभरपैकी शंभर घेऊन अकरावीत सगळं विसरणारी पोरं पाहिलीत, त्यामुळे नुसत्या अटीने भाषा येत नाही हेही कबूल. पण ग्रीक 'लोगोस'चं भाषांतर काय कराल? शब्द, हिशोब, युक्तिवाद, विवेक, सगळं त्यात आहे. आपल्या 'धर्म'चं रिलिजन केल्यावर काय हाती लागतं ते आपल्याइतकं कुणाला कळणार? आणि आपल्या लोकांना ग्रीक तशी परकीही नाही, आपलं ददामि तिकडे दिदोमी, द्विवचनसुद्धा आहे!

कट्ट्यावरचा
बाई, तुमचा मान राखून बोलतो. पेरिप्लस हे पहिल्या शतकातलं ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण, त्यात पैठण आहे, तगर म्हणजे आपलं तेर आहे, कल्याण, सोपारा आहे. मी ते इंग्रजीत वाचलं आणि तेरला जाऊन आलो, काही अडलं नाही. उलट कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी (म्हणजे तेव्हाच्या ग्रीकांनी) खांब दान दिल्याचे लेख आहेत ते ब्राह्मीत, प्राकृतात. नुसतं ग्रीक घोकलेला तिथे काय वाचणार? ग्रीस-रोमचं जग इतकं पसरलेलं होतं तर त्या दोनच भाषांना सोवळ्यात का ठेवायचं?

मास्तरीणबाई
मुद्दा चांगला आहे पण तो तुमच्याच अंगावर येतो. यातून प्राकृतही शिकावं असं निघतं, ग्रीक सोडावं असं कुठे निघतं? आणि ज्या इंग्रजीत तुम्ही वाचलंत ते कुणीतरी ग्रीक शिकूनच केलं ना.

पपई
व्हेसुव्हियसचं कुणी काढलंच नाही? इ.स. 79 ला इटलीतल्या या ज्वालामुखीत कोळसा झालेल्या, हर्क्युलेनियम या रोमन गावातल्या पपायरसच्या गुंडाळ्या. उघडायला गेलं की भुगा, म्हणून न उघडता स्कॅन करून एआयने अक्षरं शोधायची स्पर्धा लावली. 2023 ला पहिला अख्खा शब्द मिळाला, 'पोर्फिरास', जांभळा. शोधणारा 21 वर्षांचा कॉम्प्युटरचा विद्यार्थी. पण तो शब्दच आहे, नुसते डाग नाहीत, हे सांगायला ग्रीक येणारेच लागले. ग्रँड प्राइझ 7 लाख डॉलरचं होतं. अजून शेकडो गुंडाळ्या तशाच पडल्यात, त्या वाचायला माणसं कुठून आणणार?

घाटावरचा_सीए
एक मिनिट. 7 लाख डॉलर??

पपई
तिघांत मिळून. आणि तिघांत क्लासिक्सवाला एकही नव्हता 😬