सरकत्या सूचनापट्टीतील दुहेरी दुव्यांबाबत मदत हवी आहे

एका वाचनालयाच्या संकेतस्थळावर सरकती सूचनापट्टी असून तिच्यातील प्रत्येक सूचना हा दुवा आहे. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारा मजकूर वाचकाला थांबवता आला पाहिजे, ही डब्ल्यूसीएजीची, म्हणजे संकेतस्थळे दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची, अट (२.२.२) पाळण्यासाठी मी मजकूर सरकवणारा कालबाह्य ‘मार्की’ टॅग काढून सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी भाषा) अ‍ॅनिमेशन वापरले, कळफलकावरूनही चालणारे ‘थांबवा’ बटण दिले आणि ज्यांनी आपल्या यंत्रावर हालचाल कमी ठेवली आहे त्यांना स्थिर यादी दिसेल अशी सोय केली. माउस नेल्यावर पट्टी थांबणे पुरेसे नाही. मोबाइलवर त्याचा उपयोग होत नाही.

अडचण आहे ती पट्टी सलग दिसावी म्हणून ठेवलेल्या मजकुराच्या दुसऱ्या प्रतीची. तिला ‘एरिया-हिडन’ हा गुणधर्म लावल्यास स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) ती वाचत नाही, पण टॅब दाबल्यावर फोकस (कळफलकाने झालेली निवड) तिच्यातील दुव्यांवर जातोच आणि ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही. तो भाग पूर्ण निष्क्रिय करणारा ‘इनर्ट’ गुणधर्म लावल्यास समोर दिसणारा दुवा माउसनेही उघडत नाही, हे तर अधिकच फसवे आहे.

पट्टी काढून टाकण्यास व्यवस्थापन तयार नाही. अशा वेळी ‘एरिया-हिडन’सोबत दुसऱ्या प्रतीतील प्रत्येक दुव्याला ‘टॅबइंडेक्स’ उणे एक देणे (म्हणजे टॅब दाबल्यावर फोकस त्यावर जाणार नाही) निर्दोष ठरेल का, की दुसऱ्या प्रतीशिवाय सलग सरकणारी पट्टी करण्याची एखादी खात्रीची पद्धत आहे?