मदत हवी आहे: ३० जणांसाठी भाजलेले बटाटे, एकच ओव्हन, टॉपिंग ज्याची त्याने घालायची

पाहुणचार

रविवारी दुपारी एक वाजता ३० जणांचं जेवण आहे, त्यात ६ लहान मुलं. बेत असा की अख्खे भाजलेले बटाटे ठेवायचे, शेजारी टॉपिंगची भांडी मांडायची आणि ज्याने त्याने आपापला बटाटा भरून घ्यायचा. ओव्हन घरचा, ६५ लिटरचा, दोन जाळ्यांचा, पंखा आहे. जेवायची जागा मात्र गाडीने २० मिनिटांवर आहे. तिथे ओव्हन नाही, विजेचे दोन प्लग पॉइंट आहेत. मदतीला दोघं जण.

१. किती किलो बटाटे आणि कोणते?
२. सगळे एका वेळी भाजून होतील का?
३. फॉइलमध्ये गुंडाळून नेले तर गरम राहतील ना?
४. टॉपिंग किती लागेल? हा अंदाज अजिबात येत नाहीये.
५. तिघं दूध-दुभतं खात नाहीत, आठ जण पूर्ण शाकाहारी आहेत.

जाणकारांनी कृपया सांगावं. बटाटा गार आणि चिकट झाला तर बाकीच्या तयारीला काही अर्थ उरणार नाही, म्हणून आधीच विचारतेय.

ताव_आणि_वाफ

तुमची काळजी योग्य जागी आहे. या जेवणात लोक टॉपिंगवर डोकं खर्च करतात आणि बिघडतो बटाटा. म्हणून आधी बटाट्याचं बोलू.

जात पिठूळ हवी, रसेटसारखी. अशा बटाट्यात स्टार्च जास्त आणि पाणी कमी असतं, त्यामुळे शिजल्यावर गर भुसभुशीत सुटतो. पातळ गुळगुळीत सालीचा, सॅलडसाठी वापरतात तो बटाटा भाजला तर आतून मेणासारखा घट्ट राहतो. मोठ्यांसाठी २५० ग्रॅमचा एक, मुलांसाठी १५० ग्रॅमचा. म्हणजे २४ मोठे, ६ छोटे, वर २ मोठे जादा. साधारण साडेसात किलो होतात. विकत घेताना वजनापेक्षा आकार बघा: सगळे मोठे एकाच मापाचे हवेत. एक २०० ग्रॅमचा आणि एक ३५० ग्रॅमचा असेल तर पहिला सुकेपर्यंत दुसरा शिजत नाही. हिरवट साल असलेले घेऊ नका, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं. आणून फ्रिजमध्येही ठेवू नका. थंडीत स्टार्चची साखर होते, मग भाजताना गर तपकिरी आणि गोडसर होतो. अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा.

३२ बटाटे दोन जाळ्यांवर मावतात, पण एकमेकांना चिकटून नकोत, मध्ये बोटभर फट ठेवा. थेट जाळीवर ठेवले तर गरम हवा चहूबाजूंनी फिरते. ट्रेवर ठेवले तर टेकलेली बाजू ओलसर राहते.

वेळेचा हिशोब इथेच चुकतो. चार बटाट्यांना २०० अंशांवर तासभर पुरतो. साडेसात किलो गार बटाटे एकदम आत गेले की ओव्हनचं तापमान दाणकन उतरतं आणि सावरायला वेळ लागतो. म्हणून २२० वर तापवा, बटाटे आत घालून २०० वर आणा आणि दीड तास धरा. पंख्याचा ओव्हन एरवी २० अंश कमी ठेवतात, पण भरगच्च असताना कमी करू नका. पाऊण तासाने वरची जाळी खाली, खालची वर. छोटे बटाटे ४० मिनिटांनी आत टाका, म्हणजे सगळे एकत्र उतरतील.

काटाचमचा

वरच्याला अनुमोदन. सालीबद्दल थोडं.

धुऊन प्रत्येकाला काट्याने ६-७ ठिकाणी टोचा. फुटण्याचा प्रसंग क्वचित येतो, पण ३२ मधला एक जरी फुटला तरी ओव्हनभर गर उडतो. मग २५० मिली पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बटाटे घोळवा आणि तसेच ओले जाळीवर ठेवा. पाणी उडतं, मीठ सालीवर सगळीकडे सारखं बसतं. नुसतं कोरडं मीठ भुरभुरलं तर अर्धं खाली पडतं.

तेल सुरुवातीला लावू नका. आधी लावलं तर सालीतली ओल नीट बाहेर पडत नाही आणि साल चिवट होते. शिजल्यावर बाहेर काढून ब्रशने पातळ तेल, सगळ्यांना मिळून ७५ मिली, आणि पुन्हा २२० वर १० मिनिटं. साल तडतडीत होते.

शिजला की नाही हे दाबून कळत नाही, बाहेरून मऊ लागला तरी मध्ये गाठ असू शकते. सुरी मध्यापर्यंत लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. प्रोब थर्मामीटर (आत टोचून तापमान बघायचा) असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश. ९० ला काढला तर गर दाट, ओला लागतो.

चवीपुरतं

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: फॉइल नको. भाजतानाही नको, नेतानाही नको.

एक कारण चवीचं. फॉइलमध्ये बटाटा भाजला जात नाही, स्वतःच्या वाफेत उकडतो. साल ओल्या कागदासारखी होते.

दुसरं कारण गंभीर आहे. बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू मातीत असतात, सालीबरोबर येतात. बटाट्याचा आतला भाग १०० अंशांवर जात नाही आणि हे बीजाणू तेवढ्या उष्णतेत मरत नाहीत. फॉइलमुळे हवा बंद, आत ओल आणि आम्लता कमी. असा बटाटा कोमट होऊन तासन् तास पडून राहिला की त्यांना हवं ते सगळं मिळतं, आणि विष तयार झालं तर वासावरून कळत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत एल पासो इथे ३० जणांना बॉट्युलिझम झाला होता. फॉइलमध्ये भाजून काही दिवस बाहेरच ठेवलेले बटाटे एका डिपमध्ये वापरले गेले होते. तुमच्या तासाभरात तसं होणार नाही, पण उरलेले बटाटे फॉइलसकट ओट्यावर विसरले जातात, धोका तिथे असतो. गुंडाळलेच नाहीत तर प्रश्नच नाही.

पाहुणचार

फॉइल रद्द. हे माहीतच नव्हतं, खूप आभार. मग २० मिनिटांचा प्रवास आणि तिथलं वाढणं मिळून तास-सव्वा तास गरम कसे ठेवायचे?

ताव_आणि_वाफ

बर्फासाठी वापरतात तो जाड भिंतींचा आईसबॉक्स. तो थंडी जशी धरतो तशीच उष्णताही धरतो. ३२ बटाट्यांना ४० ते ५० लिटरचा एक पुरतो.

निघायच्या अर्धा तास आधी त्यात कडकडीत गरम पाणी ओतून झाकण लावा. बॉक्स गार असेल तर पहिल्या दहा मिनिटांत बटाट्यांची उष्णता तोच खातो. मग पाणी काढून कोरडा पुसा, तळाला जाड सुती टॉवेल, बटाट्यांचा थर, पुन्हा टॉवेल, दुसरा थर, वर आणखी एक टॉवेल आणि झाकण. टॉवेल इथे वाफ टिपायला आहेत. ते नसतील तर वाफेचं पाणी झाकणाला लागून परत बटाट्यांवर ठिबकतं.

ओव्हनमधून काढल्याबरोबर प्रत्येक बटाट्याला वरून दोन सेंटिमीटरची चीर द्या. कोंडलेली वाफ तिथून निघते. ही चीर विसरली तर तासाभरात गर चिकट, गोळ्यासारखा होतो. पूर्ण कापू मात्र नका, भराभर निवतील.

असा भरलेला बॉक्स सव्वा तास सहज ६० अंशांच्या वर राहतो. ६० ही खालची रेघ धरा, प्रोब सोबत न्या. खरं सांगायचं तर सालीचा कुरकुरीतपणा बॉक्समध्ये कमी होणार, त्याला इलाज नाही. गर उत्तम राहील. दोन प्लग पॉइंटपैकी एकावर छोटा टेबलटॉप ओव्हन लावता आला तर ८-१० बटाटे एका वेळी २२० वर पाच-सात मिनिटं ठेवून वाढा, साल बरीच परत येते. दुसरा प्लग गरम टॉपिंगच्या स्लो कुकरला, म्हणजे मंद आचेच्या विजेच्या भांड्याला. दोन्ही एकाच सर्किटवर नाहीत ना, हे आधी जाऊन बघा.

मापात

टॉपिंगची मापं. माणशी एकूण साधारण २५० ग्रॅम टॉपिंग पुरतं, बटर-चीज त्यातच. लोक सगळ्या भांड्यांतून घेतात, पण सगळ्यातून भरपूर घेत नाहीत. त्यामुळे भाज्यांना माणशी पूर्ण माप लावायची गरज नाही. चीजला मात्र लावा, ते टाळणारे फार थोडे. ३० जणांसाठी:

बटर ४०० ग्रॅम, मऊ केलेलं
किसलेलं चेडार १ किलो
सावर क्रीम किंवा घट्ट बांधलेलं दही १ किलो
चिली बीन्स अडीच किलो
ब्रोकोली ८०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात २ मिनिटं काढून निथळलेली
मशरूम दीड किलो (परतल्यावर निम्मीच उरतात)
मक्याचे दाणे ५०० ग्रॅम
कांद्याची पात २०० ग्रॅम
ऑलिव्ह ऑइल २५० मिली, मीठ, मिरपूड

आठ-नऊ भांड्यांपलीकडे जाऊ नका. प्रत्येक भांड्याने रांग लांबते.

चिली बीन्सचं थोडं सविस्तर, कारण दूध-दुभतं न खाणाऱ्यांचं मुख्य टॉपिंग तेच. ६०० ग्रॅम कोरडा राजमा रात्रभर भिजवला आणि शिजवला की सुमारे १४०० ग्रॅम होतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या. ताज्या पाण्यात आधी किमान १० मिनिटं खळखळून उकळवा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये घालू नका, तो पुरेसा तापत नाही. राजम्यातलं लेक्टिन तसंच राहतं आणि त्याने जोरदार उलट्या होतात. शिजलेल्या राजम्यात परतलेला ४०० ग्रॅम कांदा, लसूण, सव्वा किलो टोमॅटो, जिरं, तिखट घालून उघड्यावर आटवा. कसोटी अशी: चमचाभर ताटलीत घातलं की कडेने पाणी सुटता कामा नये. पातळ राहिलं तर बटाटा ते पिऊन टाकतो आणि खाली लगदा उरतो. स्लो कुकर फक्त गरम ठेवायला, उकळत असतानाच त्यात ओतायचं.

काटाचमचा

चीज सॉस करणार असाल तर: ६० ग्रॅम बटर, ६० ग्रॅम मैदा, १ लिटर दूध, घट्ट झाल्यावर आच बंद करून ३०० ग्रॅम चेडार. उकळत्या सॉसमध्ये चीज घातलं तर प्रथिनं आकसतात, तेल वेगळं होतं आणि सॉस रवाळ लागतो. पाकिटातलं किसलेलं चीजही सॉसला नको, किस मोकळा राहावा म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. वरून घालायला ते चालतं. सॉस केला तर किसलेलं चीज ७०० ग्रॅमवर आणा.

चवीपुरतं

मांडणीचा क्रम ठरवून जा. ताटल्या, बटाटे, बटर-मीठ-ऑलिव्ह ऑइल, चीज, मग गरम टॉपिंग, भाज्या, त्यानंतर थंड दही किंवा क्रीम, शेवटी पात. काटे-चमचे सगळ्यात शेवटी, नाहीतर लोकांना पहिल्यापासून हातात धरून चालावं लागतं. चीज गरम बीन्सच्या आधी आलं म्हणजे दोन्हीकडून ऊब मिळून वितळतं. थंड क्रीम आधी पडलं तर चीज तसंच कोरडं राहतं.

बटाटा कापायचं काम मदतनीसाकडे द्या. लांबीला चीर, आडवी चीर, मग दोन्ही टोकांकडून आत दाबायचं. गर फुलासारखा वर येतो. काट्याने दोनदा हलवून द्यायचा, म्हणजे बटर आत मुरतं. सुरीने सपाट कापलेल्या बटाट्यावर बटर नुसतं तरंगतं.

रांगेत एकाला सुमारे एक मिनिट लागतं. टेबल भिंतीला लावलं तर शेवटच्याला अर्धा तास थांबावं लागेल. मध्ये ठेवा, दोन्ही बाजूंनी लोक जाऊ देत, प्रत्येक भांड्यात दोन चमचे. मुलांची ताटं आधी.

बेकन किंवा चिकन ठेवणार असाल तर टेबलाच्या पार टोकाला, वेगळ्या चमच्याने, आणि चिठ्ठी लावून. दूध-दुभतं न खाणाऱ्यांना रांगेत पहिल्यांदा जाऊ द्या. चीजचा चमचा बीन्समध्ये जायला दोन मिनिटं पुरतात. दही-क्रीमचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवा. आणि भांडं अर्धं झालं की त्यातच नवीन ओतू नका, दुसरं छोटं भांडं आणा.

पाहुणचार

एक वाजता वाढायचं तर घड्याळ असं लावलंय. चुकलं असेल तर सांगा:

९:३५ ओव्हन २२० वर, मोठ्या बटाट्यांना टोचे, मिठाचं पाणी
१०:०० मोठे आत, २०० वर
१०:४० छोटे आत
१०:४५ जाळ्यांची अदलाबदल
११:३० मापणी, तेल, २२० वर १० मिनिटं; आईसबॉक्समध्ये गरम पाणी
११:४५ चीर देऊन बॉक्समध्ये
१२:०० निघायचं

ताव_आणि_वाफ

क्रम बरोबर, पण बॉक्समध्ये पंचाहत्तर मिनिटं फुकट जातायत आणि वर रांगेची पंधरा मिनिटं. सगळं अर्ध्या तासाने पुढे ढकला. १२:१५ ला बॉक्समध्ये, १२:२५ ला निघा. बाकी मांडणी करायला एकाला टॉपिंग घेऊन १२ वाजताच पाठवा. ११:३० ची मापणी मग १२ ला येईल, ती सर्वात मोठ्या बटाट्यात करा, जाळीच्या मधल्या भागातल्या. तो ९६ ला आला की सगळे झाले.

गरम पाणी मात्र १२ ला ओतू नका, ११:४० ला ओता. १२ ला तुमचे दोन्ही हात ओव्हनजवळ लागतील.

मापात

उरलेल्यांसाठी: बटाटा बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत अर्धा कापून उघडा, ताटलीत पसरून निववा आणि फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी गर कोरून चीज-पात मिसळा, सालीत परत भरा आणि २०० वर २० मिनिटं, मध्यभागी ७४ अंश येईपर्यंत.