भांडेवाडीच्या गॅसवर कार्बन क्रेडिट मिळते का?

वाठोडावाला:
मंडळी, एक विचारायचं होतं. आमचं घर वाठोड्याकडे, मे महिन्यात वारं फिरलं की नागपूरच्या भांडेवाडी डम्पिंग यार्डचा वास अन् धूर थेट हॉलमध्ये, कूलर लावावा तर कूलरच तो वास आत ओढते, बंद ठेवावा तर ४५ डिग्री. काल टपरीवर एक भाऊ सांगून राहिला होता का त्या कचऱ्यातून मिथेन निघते, तो पाइप टाकून जाळला का कार्बन क्रेडिटचे करोडो मिळतात. खरंय का? अन् जाळून प्रदूषण कमी कसं होईल बाप्पा, धूर तर आताही होऊनच राहिला!

पाइपवाला:
उलटं वाटते पण खरं आहे. हवा न लागता ओला कचरा सडला की जो गॅस निघते त्यात साधारण निम्मा मिथेन. १ टन मिथेन तसाच वर गेला तर १०० वर्षांच्या हिशोबात जवळपास २८ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. जाळला तर २.७५ टन कार्बन डायऑक्साइड होतो, तोही अन्न-पालापाचोळ्यातला म्हणून मोजणीत धरत नाहीत. असा वाचलेल्या १ टन कार्बन डायऑक्साइडमागे १ क्रेडिट, ते मग कंपन्यांना विकायचं. तुमच्या हॉलमधला धूर वेगळा, तो प्लास्टिक-चिंध्यांचा, त्याचे कोणी पैसे देत नाही 😄

पण पाइप खुपसला अन् पैसे आले असं नाही. ढिगावर माती-प्लास्टिकचं झाकण घाला, भोकं पाडलेले पाइप खोल उतरवा, ब्लोअरने गॅस ओढा, मग मीटर, मग फ्लेअर म्हणजे गॅस जाळायची चिमणी. क्रेडिट त्या मीटरवर मिळते, ढिगाच्या उंचीवर नाही. लय जोरात ओढला तर हवा आत शिरते अन् ढिगाच्या पोटातच आग लागू शकते.

इतवारी_एक्सप्रेस:
करोडो विसरा. क्योटो या जागतिक हवामान करारातल्या क्रेडिटचा भाव २००८ मध्ये २० युरोच्या आसपास होता, २०१२ संपता संपता १ युरोच्याही खाली. अन् भांडेवाडीत तर जुना कचरा उकरून चाळायला घेतला ना, उकरला म्हणजे हवा लागली, मग मिथेन कुठून आणता? मुंबईत गोराईला ढीग जागेवरच झाकून पाइप टाकले, तो रस्ता वेगळा.

वाठोडावाला:
म्हणजे उकरून चूक केली का?

पाइपवाला:
नाही ना भाऊ. मले विचाराल तर उकरणंच बरं, जागा मोकळी होते, आगी कमी होतात. जुन्या ढिगातला गॅस तसाही दरवर्षी कमीच होत जाते, अन् उघड्या पडलेल्या ढिगातून बराचसा आधीच उडालेला असते. क्रेडिट पाहिजे तर ताज्या ओल्या कचऱ्याचा बायोगॅस करा. तिथेही गोम आहे, क्रेडिट नसतं तर हे काम झालंच नसतं असं दाखवावं लागते, अन् सरकारचे घनकचरा नियम तर आधीपासूनच म्हणतात का ओल्याचं कंपोस्ट नाहीतर बायोगॅस करा. मग नियम कागदावरच आहेत हे सिद्ध करायचं, म्हणजे आपलीच ढिलाई पुराव्यासकट मांडायची अन् त्याचे पैसे घ्यायचे!

मानेवाडा_ताई:
पुरावा आमच्या गल्लीतून न्या. मी दोन डब्बे वेगळे ठेवते, गाडीवाला दोन्ही एकाच खान्यात उलटे करते, विचारलं तर म्हणते ताई तिकडे करतात वेगळं.

वाठोडावाला:
😂 टपरीवाल्या भाऊला दाखवतो हे सगळं. तोवर कूलरच्या वासावर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा, वाळ्याची ताटी लावून पाहिली, आता वाळा अन् कचरा दोन्हीचा वास येते.