ली कमिशनची फुकट बोटतिकिटं ही म्हणे ‘माणुसकी’!

जुनी_फाईल: काल इथे एकाने लिहिलं की गोऱ्या आयसीएसना (ब्रिटिश राजवटीतल्या बड्या मुलकी अधिकाऱ्यांना) घरी जायला बोटभाडं मिळायचं ही साधी माणुसकी होती, आपण उगाच बोंब मारतो. वाचून डोकं फिरलं. हिंदुस्थानातल्या वरिष्ठ सरकारी नोकऱ्यांसाठी नेमलेल्या ली कमिशनने १९२४ मध्ये काय दिलं? साहेब-मडमेला नोकरीभरात चार वेळा जाऊन-येऊन प्रवास, प्रत्येक मुलाला एकेरी तिकीट. पैसे हिंदुस्थानच्या तिजोरीतून, आणि अट अशी की अधिवास आशियाबाहेरचा हवा. म्हणजे त्याच हुद्द्यावरचा हिंदी माणूस बाद. मोतीलाल नेहरूंनी मध्यवर्ती असेंब्लीत (तेव्हाच्या कायदेमंडळात) विरोधाचा ठराव जिंकला, तरी सरकारने सवलती दिल्याच.

गलबत: हिंदी कलेक्टर रजेत रेल्वेने घरी जायचा, त्याला बोट कशाला? गोऱ्यांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की शाळेसाठी विलायतेला जायची. बाईने नवऱ्यापाशी राहायचं की मुलांपाशी? युद्धानंतरच्या महागाईत गोऱ्यांची भरती आटली होती, हेही सांगा.

जुनी_फाईल: लांब राहण्याबद्दल ‘ओव्हरसीज पे’ (परदेशी नोकरीचा जादा पगार) वेगळा मिळत होता. एकाच कारणासाठी दोनदा पैसे! आयसीएसमधलेच चिंतामणराव देशमुख महाडकडचे, नोकरी मध्य प्रांतात. त्यांचं घर जवळ होतं का?

मोंबासा_लाईन: अवांतर आहे, पण लिहितेच. माझे आजोबा ब्रिटिशांच्या केनियात सरकारी कारकून. काही वर्षांनी एकदा लांब रजा मिळायची. मग ‘करंजा’ नाहीतर ‘कंपाला’ बोटीने मुंबई. आजी लोणच्याच्या बरण्यांची तोंडं फडक्याने बांधून, वर मेण ओतून परत न्यायची. एका रजेला त्यांच्या धाकट्या लेकीने वडिलांना ओळखलंच नाही, दाराआड लपली. तिच्यासाठी कुठलं कमिशन बसलं होतं? उलट पूर्व आफ्रिकेतल्या सरकारी नोकरांसाठी बसलेल्या १९४८ च्या होम्स कमिशनने आशियाई माणसाला गोऱ्याच्या तीन पंचमांश पगार पुरे असं सांगितलं.

गलबत: वाईट वाटलं. पण आजोबांच्या कचेरीतल्या आफ्रिकन शिपायाला किती मिळायचं, तेही लिहा. त्या उतरंडीत आपले लोक मधल्या पायरीवर होते.

मोंबासा_लाईन: पायऱ्या आजोबांनी बांधल्या नव्हत्या! कुटुंब तुटलं आमचं आणि हिशेब आम्हीच द्यायचा?

गलबत: आवाज चढवून आफ्रिकन माणसाचा पगार वाढत नाही. वंशावरच्या वेतनश्रेण्या काढा असं तिथल्याच पुढच्या लिडबरी कमिशनने १९५४ मध्ये सांगितलं, तोवर आपल्यातल्या किती जणांनी त्याच्यासाठी तोंड उघडलं?

मोंबासा_लाईन: फार थोड्यांनी. झालं समाधान? पण म्हणून तीन पंचमांश न्याय्य ठरत नाही.

जुनी_फाईल: मूळ मुद्द्यावर या. मुलांची ताटातूट खरी होती, एवढं गलबत यांचं मान्य. पण ते भाडं विलायतेच्या तिजोरीने भरायचं होतं. सोलापूर-नगरच्या दुष्काळी रयतेच्या सारावसुलीतून नव्हे.