पॅट कमिन्स पहिल्या कसोटीनंतर पाच वर्षं होता कुठे?

मिडऑन:
ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज कमिन्स. नोव्हेंबर २०११, जोहान्सबर्ग. वय १८, दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी आणि वर विजयी चौकारही त्याचाच. पुढची कसोटी थेट मार्च २०१७, रांची. सगळीकडे "दुखापतींमुळे" एवढंच लिहून मोकळे होतात. नक्की दुखापत कसली? मधल्या काळात टी-२० आणि वनडे कसा खेळत होता? आमच्या क्लबात १६-१७ वर्षांची वेगवान टाकणारी पोरं आहेत, म्हणून विचारतोय.

पाचवा_स्टंप:
आधी टाच, मग कंबर. मुख्य दुखणं कंबरेच्या मणक्यातलं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडणारी भेग, आणि तेही पुन्हा पुन्हा. उजव्या हाताने टाकणाऱ्याला हे बहुतेक वेळा डाव्या बाजूला होतं, खालच्या दोन मणक्यांत. चेंडू सोडताना पुढचा पाय आपटतो, त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला वाकलेली असते. सगळा भार मणक्यामागच्या एका बारीक हाडावर येतो. विशीच्या आत ते हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. वेग मात्र आधीच आलेला असतो. गोम इथेच आहे.

कसोटी पदार्पणाआधी त्याच्या खात्यात प्रथम श्रेणीचे जेमतेम तीन सामने होते. म्हणजे वेग आंतरराष्ट्रीय, पण लांब स्पेलची, म्हणजे सलग बरीच षटकं टाकण्याची, हाडाला सवयच नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जुना वेगवान गोलंदाज डेनिस लिली याच्याबरोबर ॲक्शनवर, म्हणजे चेंडू टाकण्याच्या ढबीवर, काम केलं, तरी २०१५ च्या इंग्लंड दौऱ्यात कंबरेने पुन्हा दगा दिला. ॲक्शन सुधारली की दुखणं गेलं, असं सरळ गणित यात नसतं.

लाँगलेग:
वनडेला जास्तीत जास्त १० षटकं, टी-२० ला ४. कसोटीत एका दिवसात २०, दुसऱ्या दिवशी परत १५. म्हणून पांढऱ्या चेंडूवर, म्हणजे वनडे आणि टी-२० मध्येच, खेळवत ठेवलं. २०१७ मध्येही आधी शेफील्ड शिल्डचा (ऑस्ट्रेलियाची प्रथम श्रेणी स्पर्धा) एक सामना खेळला, त्यात ८ बळी काढले, आणि संघातला वेगवान गोलंदाज मिचेल स्टार्क जायबंदी झाल्यावर भारतात बोलावणं आलं. रांचीला भारताने २१० षटकं फलंदाजी केली. त्यातली ३९ याची, १०६ धावांत ४ बळी. फलंदाजांना सोप्या पाटा खेळपट्टीवर! तेव्हा तो २३ वर्षांचा होता. माझ्या मते ॲक्शनइतकाच वयाचाही हात आहे त्यात.

मिडऑन:
मग पोरांना षटकं किती द्यायची?

पाचवा_स्टंप:
इंग्लंडच्या बोर्डाने वर्षानुवर्षं वापरलेले आकडे धरा: १४-१५ वयाला एका स्पेलमध्ये ६ आणि दिवसात १२ षटकं, १६ ते १९ ला ७ आणि १८. पण आपल्याकडे घोळ सामन्यात कमी, नेटमध्ये जास्त होतो. सकाळी अकादमी, संध्याकाळी क्लब, दोन्हीकडे पूर्ण रन-अपने, आणि चेंडू कोणीच मोजत नाही. वही ठेवा, दोन्हीकडचे चेंडू एकाच पानावर लिहा.

एकदम वाढवू नका. परीक्षेसाठी दोन महिने सुट्टी आणि मग निवड चाचणीच्या आठवड्यात रोज १५ षटकं, हा हमखास मोडायचा मार्ग. जास्त टाकल्याचा परिणाम त्याच आठवड्यात दिसत नाही, पुढच्या तीन-चार आठवड्यांत दिसतो. म्हणून कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

लाँगलेग:
ओळखायचं कसं ते लिहितो. उजव्या हाताचा गोलंदाज असेल तर डाव्या पायावर उभं करून मागे वाकायला सांगा. कंबरेत डावीकडे एका बोटाने दाखवता येईल असं दुखलं, तर त्या दिवसापासून गोलंदाजी बंद. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सोडून देऊ नका, सुरुवातीला त्यात काही दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडाची सूज भेग पडायच्या आधीच कळते. त्या टप्प्यावर सापडलं तर थोडक्यात निभावतं, भेग पडली की मोसम गेला.

पोरं स्वतःहून सांगणार नाहीत हेही धरून चाला. कूचबिहार करंडकात (१९ वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा) अकरात असलेल्याला दिवसाला २० हजार मानधन आहे, चार दिवसांचा सामना. कोण म्हणेल कंबर दुखतेय?