गादीतले ढेकूण: नुसतं ऊन पुरत नाही
ढेकूण घालवायला 'गादी दिवसभर उन्हात गच्चीवर टाका, झालं काम' असा सल्ला कुणी ना कुणी देतंच. आमच्या सोलापूरच्या मे महिन्यातही ते पुरलं नाही हो! वरून ऊन तापलं की ढेकूण खालच्या, सावलीतल्या शिवणीत सरकतात. दुपारी गादी उलटली तर काठाच्या शिवणीत मसुराएवढे चार-पाच तांबूस ढेकूण, शेजारी काळ्या ठिपक्यांची रांग.

उपयोग झाला तो वाफेचा. स्टीमर शिवणीवरून अगदी सावकाश फिरवायचा, घाई केली की आतले वाचतात. ५० अंशांच्या वर उष्णता आतपर्यंत पोचली की अंडीसुद्धा मरतात. नंतर गादी खडखडीत वाळवा, नाहीतर कापसाला बुरशी. चादरी (सोलापुरीच, दुसरं काय) कढत पाण्यात. रंग उतरला तर उतरला. अंडी साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा हेच. लाकडी पलंगाच्या खाचाही बघा, अर्धी फौज तिथेच असते.

रॉकेल शिंपडायचा सल्ला मात्र नको, गादी पेटेल. आणि धान्यातल्या किडीच्या त्या विषारी गोळ्या गादीखाली चुकूनही ठेवू नका. त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, झोपलेला माणूस दगावतो.